आजोबांच्या पेटीतली चामड्याची टोपी भंगारात घालण्याआधी हे वाचा

जुन्या वैमानिकांची टोपी, गॉगल आणि ऑक्सिजन मास्क : कशासाठी होते, कसे ओळखायचे, कसे जपायचे

सातारा : आपला जिल्हा सैनिकांचा. अपशिंगे मिलिटरीसारखं अख्खं गाव फौजेच्या नावानं ओळखलं जातं. त्यामुळे जुन्या घरांच्या माळ्यावर एखादी लोखंडी पेटी असतेच. तिच्यात बिल्ले, पट्टा, पेन्शनचे कागद, घोंगडी असं काहीबाही निघतं. कधीकधी अशी वस्तू निघते की ती काय आहे हेच घरात कुणाला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीत असंच झालं. घर पाडायला काढलं होतं. पेटीतून तपकिरी चामड्याची कानटोपी निघाली. तिच्या दोन्ही कानांवर काळ्या रबराच्या वाट्या होत्या. सोबत जाड काचांचा गॉगल आणि हिरवट रबराचा, सोंडेसारखी नळी असलेला मास्क. जुन्या वस्तू घेणारा एक जण दारात आला होता. तिन्हीचे मिळून आठशे रुपये देतो म्हणाला. नातू द्यायला निघालाच होता, तेवढ्यात आजी बाहेर आल्या. नव्वदी पार केलेल्या. म्हणाल्या, "आरं, ती त्येंची हाय. इमानातली. इकायची न्हाय."

त्यांचे मालक १९४५ साली वायुसेनेत गेले होते. वैमानिक नव्हते. उडणाऱ्यांच्या टोप्या, मास्क, हवाई छत्र्या तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. नातवाला हे पहिल्यांदाच कळलं. मला फोन आला, मी जाऊन बघितलं, फोटो काढले, थोडी शोधाशोध केली. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो, कारण अशी पेटी तुमच्याही घरी असू शकते.

टोपी होती कशासाठी?

आजचं हेल्मेट डोकं आपटू नये म्हणून असतं. ही टोपी त्यासाठी नव्हतीच. ती थंडीसाठी, वाऱ्यासाठी आणि पुढे ऐकण्यासाठी होती.

पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ मध्ये, विमानं वरून उघडी असायची. वैमानिकाचं डोकं आणि खांदे सरळ वाऱ्यात. मोटारसायकलवर पहाटे कास पठाराकडे गेलेल्याला गारठा म्हणजे काय ते माहीत आहे. इथे वेग त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि उंची हजारो फूट. दर हजार फुटाला साधारण दोन अंश तापमान उतरतं. तीस हजार फुटांवर ते शून्याखाली चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत जातं. म्हणून चामडं आणि आतून मऊ अस्तर.

गॉगलचं कारण तर आपल्या शेतकऱ्याला लगेच पटेल. त्या काळातल्या बऱ्याच विमानांच्या इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल तेल घालत. होय, आपलं एरंडेलच. ते इंजिन स्वतः गरगर फिरायचं आणि वापरलेलं तेल बाहेर फेकायचं. ते फवाऱ्यासारखं वैमानिकाच्या तोंडावर यायचं. गॉगल नसेल तर डोळे उघडणं अवघड. जुन्या फोटोत वैमानिकांच्या गळ्यात रेशमी रुमाल दिसतो तो नुसत्या रुबाबासाठी नव्हता. मान सारखी वळवून मागे बघावं लागे, ती सोलू नये म्हणून तो होता, आणि काच पुसायलाही कामाला यायचा.

त्या युद्धात हरदित सिंग मलिक नावाचे रावळपिंडीचे शीख तरुण ब्रिटिशांच्या हवाई दलात वैमानिक होते. पगडी सोडायला ते तयार नव्हते. मग पगडीवर बसेल अशी मोठी टोपी त्यांनी खास करून घेतली. तीच घालून ते लढाईत उडाले, १९१७ मध्ये जखमी झाले, वाचले, आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. माणूस टोपीत बसेना, तर टोपी माणसाला बसवून घेतली.

टोपीला कान फुटले

भारतीय वायुसेना ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झाली. पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ ला कराचीत उभी राहिली, चार वापिटी विमानांवर. तीही उघडीच होती. तेव्हापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोठा बदल झाला तो रेडिओमुळे. जमिनीवरचं माणूस वरच्याशी बोलू लागलं, मग टोपीत ऐकायचं यंत्र बसवावं लागलं.

ब्रिटिशांच्या 'बी' प्रकारच्या टोपीला कानांवर मोठे फुगीर खिसे होते, चेनने उघडणारे. १९४१ च्या सुमारास 'सी' प्रकार आला. त्यात कानांवर काळ्या रबराच्या वाट्या बसवल्या, आवाज आत घुमू नये म्हणून. वाडीतल्या आजींच्या पेटीतली टोपी ह्याच प्रकारची. आपल्यासारख्या उष्ण देशासाठी 'डी' प्रकार होता. तो चामड्याचा नाही, खाकी सुती कापडाचा, मागे मानेवर ऊन लागू नये म्हणून पडदा. म्हणजे खाकी कापडाची कानटोपी निघाली तरी ती साधी समजू नका.

आपल्या वायुसेनेच्या तुकड्या त्या युद्धात बर्माच्या आघाडीवर हरिकेन आणि शेवटी स्पिटफायर विमानांवर लढल्या. वायुसेनाप्रमुख झालेले मराठी अधिकारी हृषीकेश मुळगावकर १९४० मध्ये दलात आले, त्यांना १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातल्या कामगिरीबद्दल महावीर चक्र मिळालं. त्यांच्या पिढीच्या डोक्यावर असल्याच मऊ टोप्या होत्या. टणक हेल्मेट आलं ते जेट विमानांबरोबर, १९५० च्या दशकात. तेसुद्धा सुरुवातीला आतल्या कापडी टोपीवर वरून चढवायचं होतं.

मास्क : सगळ्यात महत्त्वाची वस्तू

महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फूट उंच. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते सुमारे ५,४०० फूट. तिथे दम लागतो तो चढणीमुळे. पण दहा हजार फुटांच्या पुढे खरी गोष्ट सुरू होते. हवेत ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे तोच, शंभरात एकवीस. पण वर हवाच विरळ. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा होतो. छाती तेवढीच फुगते, पण आत जाणारा ऑक्सिजन निम्मा.

ह्यात धोका असा की माणसाला कळतच नाही. गुदमरल्यासारखं होत नाही. उलट थोडी प्यायल्यासारखी गंमत वाटते. नखं निळी पडतात, हिशेब चुकतो, आणि मी एकदम ठीक आहे असंच वाटत राहतं. पंचवीस हजार फुटांवर ऑक्सिजन तुटला तर तीन ते पाच मिनिटं डोकं काम करतं. तीस हजारांवर एक ते दोन मिनिटं. नंतर शुद्ध हरपते. एकट्याच्या विमानात त्याला हलवून उठवणारं कुणी नसतं.

म्हणून साधारण दहा हजार फुटांच्या वर मास्क लावायचाच, असा नियम होता. सुरुवातीचे मास्क कापडी, आतून मऊ चामडं लावलेले. त्यात ऑक्सिजन सारखा वाहत राहायचा आणि बराच वाया जायचा. नंतर रबराचे आले, तोंडाला घट्ट बसणारे, झडपा असलेले. अमेरिकेच्या पद्धतीत तर श्वास ओढला तरच झडप उघडायची, म्हणजे टाकीतला ऑक्सिजन जास्त वेळ पुरे. बोलायचा मायक्रोफोनही मास्कमध्येच असायचा.

थंडीत नवीन अडचण. श्वासातली वाफ मास्कमध्ये गोठायची, बर्फ होऊन वाट अडायची. बॉम्बर विमानातली माणसं मधूनमधून मास्क हाताने दाबून आतला बर्फ फोडायची. आता विचार करा, हा मास्क जमिनीवर कुणीतरी आधी नीट तपासलेला असणार. झडप अडकत नाही ना, रबराला चीर नाही ना, ह्या माणसाच्या गालावर कडेने फट राहत नाही ना. वाडीतल्या आजोबांचं काम हेच होतं. त्यांच्या हातून एक चीर नजरेआड झाली असती तर वर एक माणूस हसत हसत गेला असता. आजी म्हणाल्या, "त्येंनी घरात बी कुठलं रबर तपासल्याबिगर वापरलं न्हाय. सायकलची ट्यूबसुदीक पाण्यात बुडवून बघायचे."

गॉगल वर सरकवला आणि...

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४० च्या इंग्लंडवरच्या हवाई लढाईत हरिकेन आणि स्पिटफायरची पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पुढ्यात होती. गोळी लागली की ज्वाळा सरळ तोंडावर. पण बरेच जण गॉगल कपाळावर सरकवून आणि हातमोजे काढून उडायचे. काचेतून नीट दिसत नाही, बटणं दाबता येत नाहीत म्हणून. पाचसहा सेकंदात पापण्या आणि बोटं भाजून जायची.

अशा तरुणांवर ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात आर्चिबाल्ड मॅकइंडो ह्या न्यूझीलंडच्या शल्यवैद्याने नव्या कातडीच्या शस्त्रक्रिया केल्या. पापण्या नव्याने बनवल्या. त्या रुग्णांनी १९४१ मध्ये आपली संघटना काढली आणि तिला नाव दिलं 'गिनिपिग क्लब', कारण आपल्यावर प्रयोगच चाललेत असं ते हसून म्हणायचे. गॉगल जागेवर आणि मोजे हातात असणाऱ्यांचं पुष्कळ वाचलं. फवारणी करताना चष्मा खिशात ठेवणाऱ्या आपल्या पोरांनी हे वाचावं.

पेटीतली वस्तू खरी कशी ओळखायची?

नवीन चामड्याला जुना रंग देऊन 'महायुद्धातली टोपी' म्हणून विकणारेही आहेत. म्हणून ह्या खुणा बघा.

१. शिक्का शोधा. टोपीच्या आतल्या अस्तरावर, गॉगलच्या चौकटीवर, मास्कच्या रबरावर. ब्रिटिश हवाई खात्याच्या वस्तूवर मुकुट आणि खाली इंग्रजी 'ए एम' ही अक्षरं असतात.

२. आकडा वाचा. ब्रिटिश टोपी आणि गॉगलचा क्रमांक '२२सी' ने सुरू होतो, ऑक्सिजन मास्कचा '६डी' ने, आणि मायक्रोफोन-रेडिओच्या भागाचा '१०ए' ने. आकडे इंग्रजीत असतात. आमच्या इथल्या टोपीत '२२सी' अंधूक दिसलं तेव्हा नातवाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

३. इंग्रजी 'ए-११' लिहिलेली चामड्याची टोपी किंवा 'ए-१४' लिहिलेला मास्क असेल तर तो अमेरिकेचा. युद्धात अमेरिकन विमानदळही भारतात होतं.

४. शिक्के रशियन अक्षरांत असतील तर वस्तू नंतरच्या काळातली. १९६० च्या दशकात आपल्याकडे मिग-२१ आली, पुढे नाशिकजवळ ओझरलाही बनली. त्यांच्याबरोबर रशियन टोप्या आणि मास्क आले.

५. टोपी, गॉगल, मास्क वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर घाबरू नका. फौजेत जे मिळेल ते जोडून वापरत.

ह्या चुका करू नका

वाडीतल्या मास्कची वायर अर्धीच होती. आजींच्या धाकट्या मुलाने लहानपणी तांब्यासाठी कापून भंगारवाल्याला दिली होती. आता ते साठीचे आहेत, मान खाली घालून बसले होते. दोष कुणाचा? कुणी सांगितलंच नव्हतं. मी पण सोवळा नाही. आमच्या घरी चुलत आजोबांचा असाच एक गॉगल होता. मळणीच्या वेळी भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून आम्ही सगळे तो लावायचो. पट्टा तुटला, काच गेली, शेवटी चौकट खताच्या खड्ड्यात. कुणाचा, कुठला, ते आता विचारायला माणूस नाही.

म्हणून एवढं पाळा :

तेल, पॉलिश, खोबरेल काही लावू नका. चामडं चकाकतं, पण पुढे चिकट होऊन सडतं. ऑक्सिजनच्या झडपेला आणि नळीला तर तेल कधीच नको. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस भडकून पेटतं, म्हणून हे सामान कोरडंच ठेवायची सक्त शिस्त होती.

पाण्याने धुऊ नका, उन्हात वाळवू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. टोपीच्या आत स्वच्छ पांढरं सुती कापड भरा म्हणजे घडी पडणार नाही. धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर पावसाळ्यात बुरशी धरते.

रबर वेगळं ठेवा. जुन्या रबरातून गंधक सुटतं, त्याने पितळेची बटणं काळी पडतात आणि चामड्यावर डाग येतात.

मास्क तोंडाला लावून रील बनवू नका. रबराचा भुगा आणि सत्तर-ऐंशी वर्षांची धूळ छातीत कशाला?

टोपी घालून गाडीवर बसू नका. चामड्याची टोपी डोकं फुटण्यापासून वाचवत नाही. गाडीला आयएसआयचं हेल्मेटच हवं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. मास्क आहे म्हणून विहिरीत, पेवात किंवा गोबरगॅसच्या टाकीत उतरू नका. हे मुद्दाम लिहितोय, कारण वाडीत एकाने तेच विचारलं, "मग गाळ काढताना चालंल का?" नाही चालणार. मास्क स्वतः ऑक्सिजन तयार करत नाही. तो फक्त टाकीतला ऑक्सिजन तोंडापर्यंत नेतो. टाकी नाही तर तो नुसता रबराचा तुकडा. विहिरीत वायू साठला असेल तर आधी पंख्याने किंवा ब्लोअरने हवा खेळवा, एकट्याने उतरू नका, आणि आत कुणी पडलं तर त्याच्या मागोमाग उडी घेऊ नका. फवारणीलाही हा मास्क चालत नाही, त्यात औषध अडवणारी गाळणी नसते.

विकायचं की ठेवायचं?

हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. गरज असते, मी कुणाला शहाणपण शिकवणार नाही. पण दारातल्या पहिल्या माणसाला देऊ नका. तिन्ही वस्तू एकत्र ठेवा, सुट्या केल्या की किंमत पडते. आणि वस्तूपेक्षा कागद मोठा. कुणाची, कुठल्या तुकडीतली, कुठल्या साली, हे लिहून ठेवलेलं असेल तर ती टोपी इतिहास ठरते. नाहीतर नुसतं जुनं चामडं. डिस्चार्ज बुक, फोटो, पत्रं टोपीसोबतच ठेवा.

'ही वस्तू ठेवणं बेकायदा आहे, पोलीस येतील' अशी भीती घालून कुणी स्वस्तात मागत असेल तर फसू नका. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागतो. दुसऱ्या महायुद्धातली टोपी अजून तेवढी जुनी नाही. पेटीत काडतूस किंवा बॉम्बचा भाग निघाला तर मात्र हात न लावता पोलिसांना कळवा.

आजोबांच्या नोकरीची माहिती हवी असेल तर सेवा क्रमांक शोधा आणि साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. वायुसेनेतल्या जवानांच्या नोंदी दिल्लीला सुब्रतो पार्क इथल्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसात असतात. दिल्लीतच पालमला वायुसेनेचं संग्रहालय आहे. वस्तू दान करायची असेल तर तिथे आधी पत्र लिहून विचारता येतं.

वाडीतल्या घरी शेवटी काय झालं ते सांगतो. नातवाने वस्तू विकली नाही. वही घेऊन आजींच्या पुढ्यात बसला. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. आजी दोन तास बोलल्या. आजोबांचा सेवा क्रमांक त्यांना तोंडपाठ होता, कारण पंचवीस वर्षं पेन्शनच्या रांगेत त्यांनी तो सांगितला होता. तो आकडा, टोपीवरचा आकडा आणि आजोबांचं नाव आता एका कागदावर आहे, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला.

तुमच्या माळ्यावर पेटी असेल तर पावसाळ्याआधी एकदा उघडून बघा. आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस जवळ बसवून बघा.